माझा अनुभव : टिळकांच्या खटल्यावर पीएचडी आणि तो सिमिलॅरिटी रिपोर्ट

पीएचडी हातात पडून बरेच महिने झाले तरी विद्यापीठातल्या त्या एका खिडकीचा राग काही जात नाही, म्हणून लिहितेय. तिथे सिमिलॅरिटी रिपोर्ट काढतात, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअरने तपासतात. शिवाय माझ्या ओळखीतले दोघं-तिघं सध्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांवर मराठीतून प्रबंध लिहितायत आणि त्यांचं घोडं पण तिथेच अडणार हे मला आत्ताच दिसतंय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कोणाला बदनाम करायचं नाहीये, पण जे झालं ते कळायला पाहिजे.

माझा विषय होता १९०८ चा लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला आणि त्यानंतरचा मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप. सहा वर्षांची शिक्षा झाली, तर वर्षाला एक दिवस असे सहा दिवस संप. मी परळच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत होते, त्यामुळे आमच्याकडे संप म्हटलं की डोळ्यासमोर १९८२ चाच येतो. त्याच्या कितीतरी आधी याच गिरणगावात कामगार पगारासाठी नाही, बोनससाठी नाही, तर एका माणसाला झालेल्या शिक्षेसाठी काम टाकून रस्त्यावर आले, लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली, हे मला एम.ए. करताना कळलं आणि तेव्हाच ठरवलं की करायचं तर यावरच काम करायचं. टिळकांचा पुतळा चौपाटीवर आहे, टर्मिनसला नाव आहे, १ ऑगस्टला हार पडतात, ते सगळं ठीकच आहे, पण त्यांच्यासाठी कामगारांनी केलेल्या खाड्यांचा हिशोब कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवा असं मला मनापासून वाटत होतं.

पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, विषय मंजूर करणारी आरआरसी समिती हे सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाईड मॅडम चांगल्या मिळाल्या हे नशीब. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे जाताना गाईडचं पत्र, आयकार्ड, फोटो सगळ्याच्या जास्तीच्या झेरॉक्स ठेवा आणि पत्रात विषयासोबत नेमकी वर्षं लिहून घ्या. शाईपेन नको, पेन्सिल न्या. तिथली माणसं मदत करतात, फक्त कुठल्या खात्याची कागदपत्रं हवीत हे आपल्याला माहीत असावं लागतं. पोलिसांचे रोजचे रिपोर्ट वाचताना माझी जेवायची शुद्ध राहायची नाही.

आता मूळ गोष्ट. प्रबंध पूर्ण, मॅडमची सही झालेली, प्री-सबमिशन प्रेझेंटेशन झालेलं. आता सिमिलॅरिटी रिपोर्ट काढून घ्यायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि जमा करायचं, एवढंच उरलं होतं. सॉफ्ट कॉपी दिली आणि रिपोर्ट आला २९ टक्के. मर्यादा १० ची. १० ते ४० म्हणजे प्रबंध परत आणि सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, मॅडम, नापास आहे, शब्द बदलून आणा.

मी तिथेच बाकावर बसून रिपोर्ट उघडला. पहिलं प्रकरण बऱ्यापैकी पांढरं. पुढे खटल्याचं प्रकरण आलं आणि पानंच्या पानं लाल, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळलेली. काय लाल होतं? 'केसरी'तले ते दोन लेख, १२ मे १९०८ चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत', जे मी परिशिष्टात पूर्ण दिले होते आणि प्रकरणात उतारे घेऊन तपासले होते. दंडसंहितेतल्या राजद्रोहाच्या कलम १२४अ चा मजकूर लाल. हायकोर्टात सेंट्रल कोर्टाबाहेर संगमरवरावर कोरलेलं निकालानंतरचं टिळकांचं वक्तव्य लाल. संदर्भसूची तर अख्खी लाल. ज्युरीतल्या सात जणांनी दोषी म्हटलं आणि दोघांनी निर्दोष, २२ जुलैला निकाल, सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड, हे वाक्य लाल. ज्या दावरांनी १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडली तेच १९०८ ला न्यायाधीश होते, हे पण लाल. आता हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिणार? सात विरुद्ध दोन ते सात विरुद्ध दोनच राहणार ना.

मी परत खिडकीवर गेले आणि सांगितलं, अहो, हे माझं नाहीये, हे टिळकांचं आहे, खाली तळटीप आहे, तारीख आहे, अंक आहे. तो म्हणाला, मशीनला कोणाचं काय ते कळत नाही, तुम्ही टिळकांचं तुमच्या शब्दांत लिहा ना. बाजूची मुलगी पण म्हणाली, सगळे पॅराफ्रेजच करतात मॅडम.

इथे माझं डोकं खरंच फिरलं. ज्या शब्दांसाठी त्या माणसाला वयाच्या ५२ व्या वर्षी मंडालेला पाठवलं, ज्या शब्दांवर तो एकटा कोर्टात दिवसच्या दिवस उभा राहून स्वतःची बाजू मांडत होता, तेच शब्द मी टक्केवारी बसत नाही म्हणून बदलायचे? सरकारी पक्षाने कुठलं वाक्य उचललं आणि त्याच्या आधीचं-नंतरचं काय गाळलं हेच तर माझ्या प्रकरणात आहे. लेख माझ्या भाषेत लिहिला की खटलाच उरत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोर्ड होता, टक्के कमी करून मिळतील, पानामागे इतके रुपये. तिथे पोरं रांगेत उभी होती. मला त्यांचा राग नाही आला, पण वाईट फार वाटलं.

घरी येऊन मी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे प्लेजरिझमचे, म्हणजे वाङ्मयचौर्याचे नियम उतरवून घेतले आणि पहिल्या ओळीपासून वाचले. प्लीज हे तुम्ही पण वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. त्यात स्वच्छ लिहिलंय की तपासणीतून काय काय वगळायचं : श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, आणि सर्वसाधारण संज्ञा, कायदे वगैरे. म्हणजे कलम १२४अ मोजायचंच नव्हतं. योगायोगाने सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलं तर ते पण धरायचं नाही असंही आहे. मी ते पान छापलं, पिवळं केलं आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. उत्तर काय, तर आमच्याकडे वरून तोंडी आदेश आहे, सगळं धरून काढायचं. साहेब मीटिंगला. नंतर साहेब रजेवर. मग तुम्ही ईमेल करा. ईमेलला उत्तर नाही. मग ते काम आता दुसऱ्या टेबलला गेलंय. तिकडे सबमिशनची मुदत जवळ येतेय, मुदतवाढीची फी वेगळी, कॉलेजात माझं लेक्चर बदलून बदलून सहकारी कंटाळलेले.

शेवटी तिथल्या शिपाई काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, तोंडी काही होणार नाही इथे, अर्ज आवक करा, शिक्का घ्या, मग बघा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, अगं, उतारा न् उतारा टेबलमध्ये दाखव, म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही. मग दोघींनी मिळून अर्ज केला : कुठल्या पानावर कुठला उतारा, मूळ कुठे छापला, तारीख काय, नियमातल्या कुठल्या मुद्द्याखाली तो वगळायचा, असा तक्ता, सोबत नियमांची प्रत. आवकला दिला, दोन प्रतींवर शिक्का आणि नंबर घेतला, एक प्रत आपल्याकडे. तो नंबर सांगितला की बोलण्याचा सूरच बदलतो हे मी डोळ्यांनी बघितलं. प्रकरण समितीपुढे गेलं आणि त्यांनी वगळण्याची सेटिंग लावून परत काढायला सांगितलं.

हे सांगायचं राहिलं. परत काढताना मी ऑपरेटरच्या शेजारी बसायची परवानगी मागून घेतली होती. स्क्रीनवर अवतरणं वगळा, संदर्भसूची वगळा असे दोन चौकोन होते, रिकामे. त्याने टिक केलं. तरी काही उतारे लाल राहिलेच, कारण टायपिंगवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून युनिकोडमध्ये आणलं तेव्हा अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच चिन्हं आली होती आणि सॉफ्टवेअरला उतारा कुठे सुरू होतो, कुठे संपतो तेच कळत नव्हतं. रात्री बसून मी सगळी चिन्हं हाताने नीट केली, सकाळी फाइल दिली, ६ टक्के आले. मी तिथेच रडले, लपवण्यासारखं काही नाही त्यात. एकही शब्द न बदलता ६ टक्के.

म्हणून मराठीतून लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. लांब उतारा समासातून आत घ्या आणि अवतरणचिन्ह तरीही द्या. परिशिष्टाची फाइल वेगळी ठेवा. २९ टक्क्यांचा तो पहिला रिपोर्ट फाडू नका, अर्जाला तोच जोडावा लागतो. आणि विद्यापीठाच्या साइटवर परिपत्रक शोधून ठेवा, "वरून आदेश आहे" म्हणाले की लेखी मागा, नम्रपणे मागा, पण मागाच.

बाकी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, छान झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी संपाच्या प्रकरणावर बराच वेळ प्रश्न विचारले, लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली होती त्यावर पण चर्चा झाली, मूळजी जेठा मार्केटमधले कापडवाले का थांबले आणि कामगार का थांबले यातला फरक मला चांगला मांडता आला. वडील मागच्या रांगेत बसले होते. प्रबंध आता शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाईल, त्यात परिशिष्ट दोनमध्ये दोन्ही लेख जसे छापले होते तसे पूर्ण आहेत, कोणाला लागले तर खुशाल घ्या. फक्त उतारा घेतलात की तारीख आणि अवतरणचिन्ह विसरू नका, नाहीतर तुम्हाला पण त्याच खिडकीवर उभं राहावं लागेल.