दूतावासावर जमाव चालून येतो तेव्हा

परदेशात राहणाऱ्या बहुतेकांची दूतावासाशी ओळख पासपोर्टच्या खिडकीपुरतीच असते. आत जाताना जाड काचेमागचा सशस्त्र पहारेकरी दिसतो आणि वाटतं, वेळ आलीच तर हा गोळ्या झाडून सगळ्यांना वाचवेल. खरं तर जमाव आला की पहारेकऱ्याने वेळ काढायचा असतो. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 22 व्या कलमानुसार यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय आवारात शिरू शकत नाहीत, पण त्या आवाराच्या रक्षणाची खास जबाबदारी यजमान देशाचीच असते. त्यांची कुमक पोचेपर्यंत आतल्यांनी तग धरायचा, या हिशेबावर सगळे हुकूम बेतलेले असतात.

हल्लेखोर बंदुका घेऊन आले तर प्रश्न सोपा असतो. मे 2014 मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातच्या भारतीय वकिलातीवर बंदूकधारी चालून आले, तेव्हा पहाऱ्यावरच्या आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या) जवानांनी गोळीला गोळीनेच उत्तर दिलं आणि कर्मचारी सुखरूप राहिले. कठीण असतो तो जमाव. त्यात दगड मारणारे, नुसत्या घोषणा देणारे, बघे आणि एखाददुसरा बंदूकवाला असे सगळे मिसळलेले असतात. एक मुडदा पडला की बघेसुद्धा चवताळतात. शिवाय सगळे कर्मचारी काही आवारात नसतात. कुणी घरी, कुणी बाजारात, कुणाची मुलं शाळेत. सूड त्यांच्यावर उगवला जाऊ शकतो. म्हणून अमेरिकी दूतावासात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतल्याखेरीज पहाऱ्यावरच्या मरीन सैनिकाने आपणहून गोळीबार सुरू करायचा नसतो. हुकूम राजदूताकडून किंवा त्याच्या गैरहजेरीत त्याची जागा घेणाऱ्याकडून, सुरक्षा अधिकाऱ्यामार्फत येतो.

मग टप्प्याटप्प्याने मागे सरायचं. आधी फाटक, मग इमारतीची दारं, मग जिना, शेवटी पोलादी दाराची खोली. दार लावण्याआधी डोकी मोजायची. अश्रुधूर सोडताना वाऱ्याची दिशा पाहायची. बंद इमारतीत तो आपल्याच माणसांवर उलटतो, आणि साध्या कर्मचाऱ्यांजवळ धुरापासून वाचवणारे मुखवटे नसतात.

21 नोव्हेंबर 1979 रोजी इस्लामाबादमध्ये नेमकं हेच करावं लागलं. मक्केच्या मशिदीवरच्या हल्ल्यामागे अमेरिका आहे अशी अफवा पसरली आणि जमावाने तिथला अमेरिकी दूतावास पेटवला. गच्चीवर उभ्या असलेल्या स्टीव्हन क्राउली या मरीनच्या डोक्यात गोळी लागली. गोळीबाराची परवानगी मागितली गेली, ती मिळाली नाही. सुमारे 140 माणसं वरच्या मजल्यावरच्या सुरक्षित खोलीत कोंडून बसली. खालचे मजले जळत होते, पायाखालची जमीन तापत होती, धूर आत येत होता, आणि वर गच्चीवर दंगलखोर खोलीत उतरायची झडप उघडायला धडपडत होते. झडपेखाली मरीन बंदुका रोखून उभे होते. झडप उघडलीच, तर गोळी झाडावीच लागणार होती. ती उघडली नाही. पाकिस्तानी सैन्याची पुरेशी कुमक तासन्‌तास आली नाही. संध्याकाळी जमाव पांगल्यावर माणसं गच्चीतून बाहेर पडली. दूतावासातल्या चौघांचा जीव गेला: क्राउली, एक अमेरिकी लष्करी अधिकारी आणि दोन पाकिस्तानी कर्मचारी. गोळीबाराला दिलेला तो नकार मला आजही बरोबर वाटतो. त्या गर्दीवर दहा-वीस गोळ्या झाडून आग विझली नसती. खरा दोष उशिरा आलेल्या कुमकेचा होता.

इराणमध्ये, तेहरानला, तोच हिशेब एकदा जमला आणि एकदा साफ चुकला. 14 फेब्रुवारी 1979 ला अमेरिकी दूतावासावर हल्ला झाला तेव्हा राजदूतांनी मरीनना शरण जायला सांगितलं. काही तासांतच क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारच्या माणसांनी येऊन बहुतेकांना सोडवलं. 4 नोव्हेंबरला विद्यार्थी भिंतीवरून आत उतरले तेव्हा आतल्यांना वाटलं, याही वेळी सरकार येईल. सुरक्षा अधिकारी बोलणी करायला बाहेर गेले आणि पकडले गेले. वरच्या मजल्यावर कागद नष्ट करणं चालू होतं, पण यंत्राने कापलेल्या उभ्या पट्ट्या विद्यार्थ्यांनी पुढे चिकाटीने जुळवून छापल्या. सरकार आलंच नाही. क्रांतीचे नेते खोमेनी यांनी कब्जाला पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांत हंगामी सरकारने राजीनामा दिला. 24 मे 1980 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इराणला दोषी ठरवलं, आणि त्यानंतरही दूतावासात ओलीस धरलेल्यांची सुटका व्हायला जवळपास आठ महिने लागले.