तुम्ही विचारलंत म्हणून: खरी बर्बन फक्त केंटकीचीच का?

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की, आणि केंटकी हे अमेरिकेतलं एक राज्य. हा प्रश्न बाटली विकत घेण्याआधी विचारला जातो, म्हणून उत्तर आधी: नाही. 1964 साली अमेरिकी काँग्रेसने बर्बनला अमेरिकेचं खास उत्पादन ठरवलं, केंटकीचं नव्हे. मुख्य अटी अशा: धान्यात किमान 51 टक्के मका, मुरवायला आतून जाळलेली नवी ओकची पिंपं, पिंपात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांपर्यंतच, आणि वरून रंग किंवा स्वाद अजिबात नाही. अटी पाळल्या की टेक्सासची बर्बनही बर्बनच.

केंटकीवाल्यांचा अभिमान पोकळ मात्र नाही. तिथलं पाणी चुनखडीतून येतं, त्यात लोह जवळजवळ नसतं; लोह असलं तर व्हिस्की काळवंडते. शिवाय कडक उन्हाळा आणि खरी थंडी, यामुळे दारू लाकडात शिरते आणि त्याचा रंग-स्वाद घेऊन बाहेर येते. टेक्सासच्या उन्हात हेच फार वेगाने होतं. रंग लवकर गडद होतो, पिंपातलं पुष्कळ उडून जातं आणि जास्त ठेवलं तर लाकडाचा तुरटपणा सगळ्यावर चढून बसतो. तिथल्या तरुण बर्बनला कच्ची म्हणून हिणवणं मला चुकीचं वाटतं. तिचं वय केंटकीच्या वयाशी मोजूच नये.

आपल्या राज्याच्या अभिमानाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण टेनेसी राज्यात आहे. तिथली जॅक डॅनियल्स ही व्हिस्की बर्बनच्या जवळपास सगळ्या अटींत बसते, पण पिंपात जाण्याआधी ती शुगर मेपल या झाडाच्या कोळशातून गाळतात आणि लेबलवर ‘टेनेसी व्हिस्की’च लिहितात. मला हा आग्रह पटतो, कारण त्यामागे चवीत जाणवणारी कृती आहे.

गावाच्या नावावर मात्र जाऊ नका. लॉरेन्सबर्ग केंटकीतही आहे, इंडियानातही. केंटकीतल्या लॉरेन्सबर्गला वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस बनतात. इंडियानातल्या गावची मोठी डिस्टिलरी (दारू गाळण्याचा कारखाना) इतर अनेक ब्रँडना माल पुरवते. म्हणून मागच्या लेबलवर ‘डिस्टिल्ड इन’ पुढे कोणतं राज्य आहे ते वाचा. नुसतं ‘बॉटल्ड बाय’ म्हणजे बाटली कोणी भरली एवढंच कळतं.

माझ्या मते तुमची आवड राज्यापेक्षा मक्याच्या जोडीचं धान्य जास्त ठरवतं. राय (गव्हासारखं एक धान्य) असेल तर मिरी-दालचिनीसारखा तिखटपणा येतो, गहू असेल तर मऊ गोडवा. पडताळायला तीन केंटकी बर्बन घ्या: मेकर्स मार्क (गहू, 45 टक्के), इव्हान विल्यम्स बॉटल्ड-इन-बाँड (राय कमी, 50 टक्के) आणि ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड (राय भरपूर, 50 टक्के). तिन्ही केंटकीच्याच असल्याने राज्याचा प्रश्नच उरत नाही.

इथे हमखास चूक होते ती मद्यार्काची. 50 टक्केवाली जास्त झोंबते आणि माणूस दोष रायला देतो. म्हणून 50 टक्केवालीच्या 30 मिलिमध्ये सिरिंजने 3.3 मिलि पाणी घाला, म्हणजे ती 45 टक्क्यांवर येते. बर्फ नको, थंडीने वास दबतो. ग्लास तळाशी रुंद, तोंडाशी निमुळता असावा. नाक ग्लासात खुपसलं तर फक्त अल्कोहोल जाणवतं, म्हणून तोंड किंचित उघडं ठेवून काठावरून वास घ्या. गव्हाची आधी, जास्त रायची शेवटी. उलट केलंत तर गव्हाची पाणचट लागेल. घोट लहान घ्या, मधे साधं पाणी प्या, आणि ग्लासांना फक्त अंक द्या, नावं दुसऱ्या कुणाला तरी लिहून ठेवू द्या. नाव दिसलं की जीभ त्याच्याच बाजूने बोलते.

आणि लाकडातून येणारा व्हॅनिला आवडला, पण मक्याचा गोडवा नको झाला, तर गोव्याची पॉल जॉन सिंगल माल्ट चाखा. ती जवाची, पण बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेली. बर्बनला दरवेळी नवं पिंप लागतं, त्यामुळे जुनी पिंपं जगभर जातात.