इस्त्रीवाल्याचा पोरगा

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) हा हॉलिवूडचा थरारपट बघताना प्रेक्षकाचा जीव नायकासाठी टांगणीला लागतो. कपड्यांच्या धंद्यातला माणूस मात्र त्या सूटच्या काळजीत असतो. करडा-निळा, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक चौकडीचा लोकरी सूट. तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवर नायक कॅरी ग्रँटच्या अंगावर चढलेला असतो आणि पुढे त्याचे जे हाल होतात ते कुठल्याच कापडाचे होऊ नयेत. अपहरण, बळजबरीने घशात ओतलेली दारू, पोलीस कोठडीतली रात्र, रेल्वेच्या वरच्या बर्थमध्ये मुटकुळं करून लपणं, मग नायिकेच्या बॅगेत घडी होऊन प्रवास. आणि शेवटी त्या उजाड माळरानावर फवारणीचं विमान अंगावर येतं तेव्हा मालक सूटसकट धुळीत लोळतो आणि वरून औषधाची पांढरी भुकटी पडते.

त्यानंतर शिकागोच्या हॉटेलात सूट पुसून-इस्त्री करून घ्यायला पाठवतात. किती वेळात मिळेल? वीस मिनिटांत. परत येतो तो कोरा करकरीत.

मला विमानापेक्षा ही वीस मिनिटं जास्त थरारक वाटतात. वीस मिनिटांत लोकरी सूटचं काय होऊ शकतं ते सांगते.

पहिली गोष्ट ब्रश, आणि तोही कोरडा. धूळ बसलेल्या कापडाला आधी पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो विणीत जाऊन बसतो. मग ड्रायक्लीनिंगशिवाय सुटका नाही. खिसे रिकामे करायचे, फ्लॅप उघडायचे, कॉलर उभी करायची आणि वरून खाली, कापडाच्या लवेच्या दिशेने झटकायचं. विजारीला दुमड असेल तर ती उलगडून, कारण अर्धं माळरान तिथेच साठलेलं असतं. मग घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसणं. पाच-सात मिनिटं यातच जातात.

आता इस्त्री. लोकर दाबून सपाट होत नाही, वाफेने वळते. ओल आणि उष्णता मिळाली की तंतूमधले बंध सैल पडतात, गार होताना पुन्हा जुळतात, आणि ज्या आकारात गार होतील तोच आकार धरतात. म्हणून ओलसर सुती फडकं वर घालायचं, इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासायची नाही. घासली की ओलं कापड ताणतं आणि विजारीची धार नागमोडी होते. फडकं न घालता गरम इस्त्री थेट टेकवली, तर वरचे तंतू चपटे होऊन कापड चकाकू लागतं. गुडघ्याला आणि कोपराला तेलकट झाक आलेले जुने सूट आपण सगळ्यांनीच लग्नात पाहिलेत. वाफ दिली की लगेच लाकडी ठोकळ्याने दाबून ती बाहेर काढायची. धार टिकते ती या ठोकळ्यामुळे. शिवणीवर दाबताना आतल्या जादा कापडाखाली कागदाची पट्टी सरकवायची, नाहीतर त्या कापडाची कड बाहेर रेघ होऊन उमटते.

कोटाची बाही अरुंद फळीवर, खांदा गोल उशीवर. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी, मात्र कधीही घडीवर दाबायची नाही. ती कॉलरपासून बटणापर्यंत गोलाईने वळत यायला हवी. आत आकार धरायला घातलेल्या ताठ कापडाला, कॅनव्हासला, शेकडो बारीक तिरपे टाके घालून शिंप्याने तो वळसा आणलेला असतो, आणि घाईतला इस्त्रीवाला एका फटक्यात त्याची मेहनत पुसून टाकू शकतो. काम संपल्यावर सूट टांगून गार होऊ द्यायचा. गरम असतानाच विजार घालून बसलं की गुडघे तिथल्या तिथे फुगतात.

एवढं सगळं वीस मिनिटांत? दोन माणसं लागली तर इस्त्री होईल. फवारणीच्या भुकटीचा डाग नाही निघणार. पडद्यावरचा 'एक' सूट प्रत्यक्षात अनेक होते, हे त्यातलं साधं गुपित.

हे इतकं पाल्हाळ लावायचं कारण, कॅरी ग्रँटचा बाप इस्त्रीवालाच होता. एलायस लीच, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या कपड्यांच्या कारखान्यात. तयार झालेल्या कोट-विजारींना शेवटची इस्त्री मारून आकार द्यायचा, दिवसभर वाफेत उभं राहून, जड लोखंडी इस्त्री उचलत. मधे काही महिने साउदॅम्प्टनला जाऊन सैन्याचे गणवेश तयार करण्याचं कामही त्याने केलं. पोरगा आर्चिबाल्ड, म्हणजे पुढचा कॅरी ग्रँट, १८ जानेवारी १९०४ चा. नऊ-दहा वर्षांचा असताना एक दिवस शाळेतून आला तर आई घरात नाही. तिला मनोरुग्णालयात ठेवलं होतं. पोराला सांगितलं की समुद्रकाठी गेली आहे हवापालटाला. ती जिवंत आहे हे त्याला तिशीच्या उंबरठ्यावर, हॉलिवूडमध्ये नाव झाल्यावर कळलं. यावर चरित्रकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यात आणखी भर नको.

बापाने मात्र एक गोष्ट पोराच्या डोक्यात पक्की बसवली होती: चार स्वस्त सूट घेण्यापेक्षा एक चांगला घे. जो माणूस हलक्या कापडाला दिवसभर इस्त्री मारतो, त्याला हे सांगायला शिकवणी लागत नाही. आजच्या हलक्या सूटमध्ये कॅनव्हास चिकटवलेला असतो. वाफ लागत गेली की डिंक सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे फुगे येतात. टाके घालून बसवलेला कॅनव्हास माणसाच्या अंगाप्रमाणे हळूहळू वळत जातो.

१९१८ साली आर्चीला शाळेतून काढून टाकलं आणि तो बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या तांड्यात शिरला. कोलांट्या, मूकनाट्य, काठ्यांवर उंच चालणं. १९२० मध्ये हा तांडा 'ऑलिंपिक' बोटीने न्यूयॉर्कला गेला, परत निघाला तेव्हा आर्ची तिकडेच राहिला. कोनी आयलंडला काठ्यांवर चालून जाहिरात केली, फुटपाथवर हाताने रंगवलेले टाय विकले. त्या टायचा कारागीर, ऑस्ट्रेलियाहून आलेला जॅक केली, पुढे ऑरी-केली या नावाने हॉलिवूडचा मोठा वेशभूषाकार झाला. ही जोडी तेव्हा टायच्या पैशांवर जेवत होती.

१९३१ च्या अखेरीस तो हॉलिवूडला पोचला. पॅरामाउंट स्टुडिओने नाव बदलायला लावलं: 'कॅरी' एका नाटकातल्या भूमिकेवरून, 'ग्रँट' कंपनीकडच्या नावांच्या यादीतून. पहिल्या चार-पाच वर्षांतले त्याचे चित्रपट आज बघवत नाहीत, हे माझं प्रामाणिक मत. मार्लीन डीट्रिच किंवा मे वेस्टसारख्या नायिकांच्या शेजारी एक देखणा कोट उभा आहे, एवढंच. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसे, म्हणून तो खिशात घालायचा.

मग १९३७ चा 'द ऑफुल ट्रुथ' आला. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी सेटवर येऊन ऐनवेळी प्रसंग रचायचा. घाबरून ग्रँट या चित्रपटातून सुटायला बघत होता. सुटता आलं नाही हे आपलं नशीब. कसरतपटूचं अंग आणि रेखीव सूट, दोन्ही तिथे पहिल्यांदा एकत्र कामाला लागली.

सूट आणि कसरत यांचं मूळचं वैर आहे. हात वर केला की कोट वर चढतो, कॉलर मानेपासून सुटते, माणूस बुजगावणं दिसतो. यावर उपाय एकच, मुंढा, म्हणजे कोटाला जिथे बाही जोडतात ते भोक. मुंढा जितका उंच आणि लहान, बगलेला जितका जवळ, तितका हात कोटाला न ओढता हलतो. गिऱ्हाइकांना नेमकं उलट वाटतं: मुंढा सैल ठेवला तर मोकळं वाटेल. सैल मुंढ्यात बाही खालून सुरू होते, म्हणून हात उचलला की अख्खी बाजू सोबत उचलली जाते. त्या विमानाच्या प्रसंगात ग्रँट जीव घेऊन पळतो, हात मागेपुढे होतात. तेव्हा त्याची कोटाची कॉलर बघा. शर्टाच्या कॉलरला धरून राहते. पंचावन्नीला टेकलेल्या माणसाचं पळणं तरतरीत दिसतं, त्यात निम्मं श्रेय पायांचं, उरलेलं मुंढ्याचं.

स्वतःच्या शरीराबद्दल त्याला गैरसमज नव्हते. मान जाड, साडेसतरा इंचांची, आणि तो तिच्यावर कायम नाराज. म्हणून शर्टांच्या कॉलर जरा उंच शिवून घ्यायचा, म्हणजे मान लांब भासते. 'टू कॅच अ थीफ' (१९५५) मध्ये पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर आहे, तिथे कॉलरचा आधार नाही. तर गळ्याला ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेला. लोकांनी ती फॅशन मानली. मला तो मान झाकायचा हिशेब वाटतो.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्येच एक छोटा प्रसंग आहे, जो शिंप्यांच्या प्रत्येक दुकानात लावून ठेवावा. शत्रू ज्या कॅप्लन नावाच्या माणसाला शोधत आहेत, त्याच्या हॉटेलच्या खोलीत ग्रँट शिरतो आणि त्याचा सूट अंगाला लावून पाहतो. आखूड! गुप्तहेर, पोलीस, खुनी, कोणालाही न लागलेला शोध एका बाहीने लागतो: हे कपडे माझे नाहीत, मला दुसऱ्याच कुठल्या तरी बुटक्या माणसाच्या जागी धरलंय.

'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मधला रेस्टॉरंटचा प्रसंग याहून वरचा. आधी तो जमिनीवरच्या ऑलिव्हवरून घसरून स्वतःच्याच उंच हॅटवर बसतो. मग नायिका कॅथरिन हेपबर्न त्याच्या शेपटीवाल्या कोटाला मागून धरते, तो तरातरा निघतो आणि कोट पाठीच्या शिवणीत टरकतो. थोड्या वेळाने तिच्या झग्यावर याचा पाय, आणि झग्याचा मागचा अख्खा भाग गायब. तिला पत्ता नाही. हा हॅटने झाकू बघतो, ती चिडते. शेवटी तिला कळतं, तेव्हा तो तिच्या पाठीला चिकटून, पावलात पाऊल टाकत, दोघं दारापर्यंत कवायत करत जातात. यात पाऊल पाव इंच चुकलं तरी दोघं तोंडावर आपटतील. त्याच वर्षीच्या 'हॉलिडे'मध्ये तर तो सुटाबुटात कोलांटी मारतो.

१९३६ च्या शेवटी पॅरामाउंटचा करार संपला आणि त्याने पुन्हा कुठल्याही एका स्टुडिओला स्वतःला बांधून घेतलं नाही. तेव्हाचे नट सात-सात वर्षं गहाण असत. कंपनी देईल ती भूमिका, नाही म्हटलं तर पगार बंद. ग्रँट मोजक्या चित्रपटांपुरता सौदा करायचा, पुढे पुढे उत्पन्नात टक्काही घ्यायचा. पैशाला चिकट म्हणून त्याची ख्याती होती. पण 'द फिलाडेल्फिया स्टोरी'चं (१९४०) सगळं मानधन त्याने ब्रिटनच्या युद्धनिधीला दिलं, हेही नोंदवायला हवं. १९३९ च्या 'गंगा दिन'मध्ये तो ब्रिटिश सार्जंट झाला. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या टेकड्यांना वायव्य सरहद्द म्हणून उभं केलं होतं आणि कालीच्या नावाने जे काही दाखवलं ते बघून आजही कपाळाला हात लागतो. त्या सार्जंटचं नाव आर्चिबाल्ड, तेवढी एक गंमत. जुनं नाव तो असं अधूनमधून बाहेर काढायचा. 'हिज गर्ल फ्रायडे'त (१९४०) बोलता बोलता आर्ची लीच नावाच्या माणसाने गळा चिरून घेतल्याचा उल्लेख येतो, 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'मध्ये (१९४४) एका थडग्यावर तेच नाव कोरलेलं आहे.

ऑस्करची नामांकनं त्याला दोन मिळाली, 'पेनी सेरेनेड' (१९४१) आणि 'नन बट द लोनली हार्ट' (१९४४). दोन्ही रडवणारे चित्रपट. विनोदी कामासाठी एकही नाही. रडणं दिसतं, टायमिंग दिसत नाही. परीक्षकही शेवटी गिऱ्हाईकच. १९७० मध्ये सन्मान म्हणून एक बाहुली हातात दिली, तोवर त्याने काम सोडून चार वर्षं झाली होती. १९६६ साली बासष्टाव्या वर्षी मुलगी झाली आणि हा बाबा घरी बसला. नंतर एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा संचालक झाला. पाच लग्नं केली, त्यातलं शेवटचं सत्त्याहत्तराव्या वर्षी. १९८६ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी प्रेक्षकांशी गप्पांच्या कार्यक्रमाची तयारी चालू असताना तो कोसळला आणि त्याच रात्री गेला.

कपड्यांविषयी त्याने साठच्या दशकात एक लेख लिहिला होता. त्यात बापाचा सल्ला आहेच, शिवाय त्याचा स्वतःचा नियम: सगळं मधलं. लॅपल फार रुंद नको, फार अरुंद नको. विजार तंग नको, ढगळ नको. कोट आखूड नको, लांब नको. ऐकायला हे मिळमिळीत वाटतं. पण सत्तरच्या दशकातल्या पंख्याएवढ्या लॅपल आणि अलीकडचे बोटभर लॅपलचे, कुल्ले उघडे टाकणारे कोट आठवा. आणि मग तो १९५९ चा सूट बघा. उद्या सकाळी घालून बँकेत जाता येईल.

तुम्ही शिवायला टाकणार असाल तर कच्च्या शिलाईच्या ट्रायलला कोटाचं बटण लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पुढे करा. कॉलर मानेपासून सुटली तर मुंढा वर घ्यायला सांगा. मास्तर म्हणतील, साहेब, काचेल. त्यांना सांगा, मुंढा वर घ्या आणि बाहीचा घेर तेवढा थोडा वाढवा, म्हणजे काचत नाही. खरं तर हे कापड बेतण्याआधीच सांगितलेलं बरं. एकदा मुंढा खोल कापला की कापड परत येत नाही.