तुम्ही विचारलंत म्हणून: सापडलेल्या पिसाचा मुलूख

पाणथळ जागी फिरून आलेलं कुणी ना कुणी मला एखाद्या पिसाचा फोटो पाठवतं आणि विचारतं, "तुम्ही पिसावरून पक्षी कुठला ते ओळखता ना? मग हा कुठून आलाय, सांगा की!"

फोटोवरून नाही सांगता येत, त्याला पीसच लागतं. आणि पीस मिळालं तरी ते जरा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. ते वाढत होतं तेव्हा पक्षी कुठलं पाणी पीत होता आणि काय खात होता, एवढीच नोंद त्यात असते.

पीस केराटिनचं, आपल्या नखांसारखंच. वाढ पुरी झाली की त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि आत जे गेलं ते तसंच राहतं. त्यातला हायड्रोजन आम्ही तपासतो. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. समुद्राच्या पाण्यात साधारण ६४०० साध्या अणूंमागे तो एक सापडतो. ढग समुद्रावरून आत सरकतात, डोंगर चढतात, ध्रुवाकडे जातात, आणि वाटेत बरसताना जड पाणी आधी गाळून टाकतात. म्हणून पुढच्या पावसात ड्यूटेरियम कमी कमी होत जातं. तोच पाऊस झाडात, झाडातून किड्यात, किड्यातून पिसात. पावसाचे नमुने १९६१ पासून जगभर गोळा होत आहेत, त्यामुळे त्याचे नकाशे हाताशी आहेत. कीथ हॉब्सन आणि लेन वासेनार या संशोधकांनी १९९७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत हाच नकाशा उतरलेला दाखवला.

प्रत्यक्ष काम फार बारीक असतं. पीस आधी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात धुवायचं, कारण पाणपक्षी चोचीने सगळ्या अंगाला तेल चोपडतात. मग कडेचा तुकडा कापून जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम वजन करायचं आणि चांदीच्या इवल्याशा डबीत घडी घालून बंद करायचं. त्या वजनाचा तुकडा चिमट्याला चिकटला तर सुटता सुटत नाही. मी श्वास रोखूनच हे करते. पुढे काही दिवस थांबावं लागतं. केराटिनमधला थोडा हायड्रोजन हवेतल्या दमटपणाशी अदलाबदल करत असतो. म्हणून ज्यांचं मोजमाप आधीच पक्कं आहे असे नमुने, कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या खुराची आणि कुडू या आफ्रिकेतल्या हरणासारख्या प्राण्याच्या शिंगाची पूड, शेजारी ठेवून सगळ्यांना एकाच हवेत मुरू द्यायचं.

पण यंत्रापेक्षा मला जास्त भरवसा लागतो तो एका माहितीचा: हे पीस उगवलं कधी? तुतवारासारखे किनाऱ्यावरचे पक्षी पंखातली मोठी पिसं हिवाळी मुक्कामी बदलतात. तिथे गळून पडलेलं पीस बहुधा गेल्या हिवाळ्यात उगवलेलं असतं, आणि तो पक्षी दरवर्षी त्याच किनाऱ्यावर येत असेल तर तपासणी त्याच किनाऱ्याकडे बोट दाखवते! हजारो किलोमीटरवरच्या घरट्याचा त्यात मागमूसही नसतो. त्याच थव्यातल्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाचं पीस मात्र जन्मस्थळीच वाढलेलं असतं, म्हणून आम्हाला ते हवं असतं. बदकांचं आणखी वेगळं. ती पंखातली सगळी पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडूच शकत नाहीत. नर तर पुष्कळदा मादीला अंड्यांवर सोडून दूरच्या तळ्यावर जाऊन हे उरकतात. तेव्हा नराच्या पिसावरून कळतं ते पिसं टाकायचं तळं. वीण कुठे झाली ते नाही.

एकदा माझ्याकडे एक मोठं पाकीट आलं, प्रत्येक पिसावर फक्त "पंखाचं पीस" लिहिलेलं. कितवं पीस, पक्षी प्रौढ की पिल्लू, काहीच नाही. एकही वापरता आलं नाही, आणि त्यातला प्रत्येक पक्षी कुणीतरी चिखलात तासन्‌तास बसून पकडला होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पाणपक्ष्यांच्या बाबतीत खुद्द पाणीच चकवा देतं. उथळ तळं उन्हाळ्यात आटतं तेव्हा हलकं पाणी आधी उडून जातं आणि उरलेलं जड होतं. मग उत्तरेकडचं तळं नकाशावर दक्षिणेकडचं भासतं. समुद्रकाठी खाणाऱ्याच्या पिसात तर पावसाऐवजी समुद्रच बोलतो. अशा वेळी गंधक उपयोगी पडतं, कारण गंधकाचेही असेच हलके-जड अणू असतात आणि समुद्रातलं गंधक बहुतेक गोड्या पाण्यातल्यापेक्षा जड असतं. कार्बनच्या हलक्या-जड अणूंवरून भात आणि मका-ज्वारी यांच्यातला फरक कळतो, म्हणजे बदक कुठल्या शेतात चरलं याचा अंदाज येतो.

"मग जीपीएस का नाही लावत?" लावतात, आणि जिथे जमतं तिथे ते उत्तमच. पण मूठभर वजनाच्या पक्ष्याला ते ओझं झेपायला हवं, आणि ते यंत्र लावल्यानंतरचीच वाट दाखवतं. पीस मागची वाट सांगतं, तीही एकदाच हाती लागलेल्या पक्ष्याची. फक्त गावाचं नाव सांगत नाही. नकाशावर एक रुंद पट्टा मिळतो, आणि त्यात कुठे शक्यता जास्त, कुठे कमी, एवढं म्हणता येतं.

तर तुमच्या हातातलं पीस कुणाचं, पंखातलं कितवं आणि पक्षी किती वयाचा, हे ठाऊक असेल तर पट्टा काढता येईल. नुसतंच काठावर सापडलेलं असेल, तर बहुधा ते त्याच काठाचं पाणी प्यालेलं आहे.