शनिवारचं सॉर्टिंग

आमची फाउंड्री श्टुटगार्टजवळ, गिऱ्हाईक मिशिगनमध्ये. मधे सहा तासांचा फरक, त्यामुळे मीटिंग लागते ती आमच्या दुपारी तीनला. शुक्रवारी तीन वाजता इथलं निम्मं ऑफिस घरी पोचलेलं असतं आणि तिकडे मंडळी सकाळची कॉफी घेऊन ताजीतवानी बसलेली असतात. अर्धी भांडणं हे घड्याळच लावून देतं.

तक्रार आदल्या रात्री आली होती. आमच्या ॲल्युमिनियमच्या पंप हाउसिंगमधून, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचातून, त्यांच्या लाइनवर गळती. डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात ओतण्यात, अशा वेळी पहिला संशय पोरॉसिटीवर, आतल्या बारीक भोकांवर. धातू साच्यात शिरताना हवा अडकते, वरून भाग चकचकीत दिसतो, पण मशीनिंगमध्ये वरची कातडी निघाली की आतली भोकं उघडी पडतात. अशा तक्रारीला उत्तर द्यायचं ते 8डी रिपोर्टने, आठ ठरलेल्या पायऱ्यांनी. पद्धत मूळची अमेरिकन, फोर्डने 1987 साली पुस्तिका काढून रुजवलेली; पण जर्मन लोक ती ज्या निष्ठेने पाळतात, तेवढ्या निष्ठेने आमच्याकडे सत्यनारायणाची पोथीसुद्धा वाचत नाहीत. त्यातली तिसरी पायरी कंटेनमेंटची. कारण सापडेल तेव्हा सापडेल, आधी माल अडवा आणि चांगला-खराब वेगळा करा, म्हणजे सॉर्ट करा: गोदामातला, ब्रेमरहाफेनहून बोटीवर चढलेला, गिऱ्हाइकाच्या रॅकमधला. त्याला साधारण 24 तास मिळतात.

मीटिंग सुरू झाली. आमचे क्वालिटी हेड आणि प्रॉडक्शनचे प्रमुख एरवी एकमेकांना आडनावाने, ‘हेर’ (आपलं ‘श्री’) लावून हाक मारतात. समोर अमेरिकन दिसले की दोघंही इंग्रजीत पहिल्या नावावर येतात आणि कॉल संपला की पुन्हा ‘हेर’. मला अजून याची गंमत वाटते.

पलीकडच्या बाईंनी आधी आमच्या टीमचं तोंड भरून कौतुक केलं. मग विचारलं, “वीकेंडला सगळा स्टॉक सॉर्ट होईल ना?”

“नाही,” हेड म्हणाले. “आत्ता ते शक्य नाही.” आणि थांबले.

खरं तर कारण साधं होतं. शनिवारी जादा कामाला माणसं बोलवायची तर बेट्रीब्सराटची, कामगारांनी निवडून दिलेल्या परिषदेची, संमती लागते. या परिषदांच्या कायद्याचं कलम 87. रविवारच्या सुटीला तर थेट राज्यघटनेचं संरक्षण. संमती हातात नव्हती, म्हणून उत्तर ‘नाही’. मी चॅटवर त्यांना लिहिलं, “संमती मागतोय एवढं तरी सांगा.” त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. भोसरीत असतो तर कोणीतरी “होऊन जाईल मॅडम” म्हणून मोकळं झालं असतं, आणि मग पळापळ.

कॉल संपताच हा माणूस जिना उतरून सरळ परिषदेच्या अध्यक्षबाईंकडे गेला. त्या सायकलचं हेल्मेट घालून निघायच्या बेतात होत्या. हेल्मेट काढून त्यांनी नावांची यादी वाचली, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. शनिवारी सकाळी सहाला लीक टेस्टची बेंच चालू. हाउसिंग क्लॅम्प करायचं, तोंडं बंद करायची, हवा भरायची, दाब किती पडतो ते पाहायचं. पास झालेल्या प्रत्येक हाउसिंगच्या फ्लँजवर हिरवा ठिपका. ठिपका नेमका कुठे द्यायचा, त्याचा फोटोसुद्धा रिपोर्टला जोडलेला. इतकं देखणं कंटेनमेंट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण शुक्रवारी संध्याकाळीच मिशिगनच्या बाईंचा मेल येऊन पडला होता: कंट्रोल्ड शिपिंग, लेव्हल टू. याचा अर्थ आमची तपासणी पुरेशी नाही, त्रयस्थ कंपनीची माणसं आमच्या दारात बसून माल पुन्हा तपासणार आणि त्यांचं तासाचं बिल आम्ही भरणार.

त्याच कॉलमध्ये बाईंनीही एक शब्द दिला होता. खराब निघालेले भाग “आजच पाठवते, काळजीच नको.” ते न बघता सीटी स्कॅन कशाचा करायचा आणि मूळ कारण कुठून आणायचं? भाग आले पुढच्या गुरुवारी. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणताना त्यांच्या मनात खरंच पाठवायचं होतं. आमच्या हेडनी मात्र प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी नोंदीत, रोज एक ओळ घातली: भाग मिळाले नाहीत.

नंतर मी बाईंना फोन केला. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, “‘प्रयत्न करतोय’ एवढं म्हणाले असते तर तो मेल मी सोमवारपर्यंत थांबवला असता. त्यांना फिकीरच नाही असं वाटलं मला.” फिकीर नाही! शनिवारी सकाळी सहाला हेड स्वतः बेंचपाशी उभे होते.

सोमवारी मी हे त्यांच्या कानावर घातलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आणि परिषदेने नाही म्हटलं असतं तर? मग मी खोटा ठरलो असतो.” मला पटलं नाही; पण हा माणूस कधी खोटा ठरलेला मी पाहिलेला नाही, हेही खरंच. त्यांनी मला परिषदेच्या संमतीचा कागद कंटेनमेंटच्या पुराव्यात जोडायला सांगितला, सहीच्या वेळेसकट. मी जोडला. मिशिगनमध्ये तो कोणी उघडून पाहिला असेल असं वाटत नाही. रिपोर्टबद्दल बाईंचा भरभरून कौतुकाचा मेल आला. लेव्हल टू अजून चालूच आहे.