तुम्ही विचारलंत म्हणून: देवाचं ऐकून काय मिळालं?

"नाना, देवाचं आयकून काय भेटलं तुमले?"

वर्षातून दोन-चारदा तरी मला हे विचारलं जातं. कधी बांधावरचा शेजारी विचारतो. कधी आमच्या भुसावळच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एखादा तरुण. तो जरा शुद्ध भाषेत विचारतो की आज्ञा पाळूनही अडचण आली तर भरवसा कशावर ठेवायचा. पण प्रश्न तोच. आजवर हसून टाळत आलो, आज सांगतो.

आधी घडलं ते. यावल तालुक्यात माझी पाच एकर जमीन. दोन एकरात केळी, तीन एकरात कपाशी. त्या वर्षी मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती आणि सोसायटीचं कर्ज थकलं होतं. केळीच्या विम्याचा अर्ज भरायला गेलो, तर तिथे एकाने कानाशी येऊन सांगितलं, "पाचही एकर केळी दाखवा. सगळेच दाखवतात." बाहेरच्यांसाठी सांगतो, आमचा फळपीक विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर ठरलेले दिवस टिकलं, की तिथल्या विमा काढलेल्यांना भरपाई मिळते. तुमची बाग खरंच आहे का, हे बघायला प्रत्येक वेळी कुणी बांधावर येतंच असं नाही. आणि जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा चढणार, हे सांगायला संदेष्टा लागत नाही.

मी दोनच एकर लिहिले. यात शूरपणा नव्हता. दर रविवारी उपासनेआधी मी मंडळीतल्या पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतो. खोटी साक्ष देऊ नको, हे त्यांना कोणत्या तोंडाने म्हणायला लावलं असतं?

मे तापला. पैसे आले. ज्यांनी वाढवून लिहिलं होतं त्यांना भरपूर आले, मला दोन एकराचे. फीसाठी हिच्या पाटल्या मोडल्या. त्या आजतागायत परत झालेल्या नाहीत.

आणखी एक कबूल करतो. पुढचे कित्येक महिने मी वाट बघत होतो की चौकशी होईल, ते पकडले जातील, आणि मग मी पारावर बसून चहा पिईन. कुणी पकडलं नाही. प्रार्थनेत मी देवापेक्षा त्या लोकांचाच विचार जास्त करत होतो. ही माझी आज्ञाधारकता!

मंडळीत दोन प्रकारची माणसं भेटायला आली. काही म्हणाली, सैतान अडवतोय. काही म्हणाली, विश्वास कमी पडला असेल. दोन्ही ऐकून मला सारखाच राग आला. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय काढून बघा. प्रेषित पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे निघाला, तिथेही जाऊ दिलं नाही. म्हणजे बंद झालेलं प्रत्येक दार सैतानानेच लावलेलं नसतं. मग त्रोवसात दृष्टान्त झाला, मासेदोनियात ये म्हणून. हा ताबडतोब निघाला. आता तरी सगळं सुरळीत व्हावं की नाही? मासेदोनियातल्या फिलिप्पैत छड्यांचा मार बसला, आणि तुरुंगात पाय लाकडी खोड्यात अडकवले. रस्ता बरोबर होता आणि मारही बसला. माझ्या घरी फक्त पाटल्या गेल्या होत्या, तरी तो अध्याय मी त्या उन्हाळ्यात किती वेळा वाचला असेल!

पंडिता रमाबाईंचंही तेच. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. बाई स्वतः थकलेल्या, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. काम पूर्ण झालं, पण मुलगी परत आली नाही. या दोन गोष्टींचा हिशोब कुणी जुळवू बघतो तेव्हा मी तिथून उठतो.

आता भरवशाचं. मला तो पुलावर समजला. रविवारी मी मोटारसायकलने तापी ओलांडून भुसावळला जातो. पावसाळ्यात असं होतं की आमच्याकडे थेंब नाही, ऊन पडलेलं, आणि खाली नदी गढूळ होऊन दोन्ही काठ धरून चाललेली. पाऊस पडलेला असतो वर बऱ्हाणपुराकडे, आणि हतनूर धरणाच्या ४१ पैकी काही दरवाजे उघडलेले असतात. पुलावरच्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त पाणी.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात कापणीचे दिवस आहेत, इस्राएल लोकांना ओलांडायची ती यार्देन नदी दुथडी भरलेली आहे आणि याजकांच्या खांद्यावर कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी आहे. त्यांचे पाय पाण्यात बुडाले तेव्हा पाणी थांबलं. पण थांबलं कुठे? वर, बरंच लांब, आदाम नावाच्या गावापाशी. मी हे लहानपणापासून ऐकत आलो, पण माझ्या डोळ्यांसमोर कायम त्यांच्या पायाशीच उभी राहिलेली पाण्याची भिंत असायची. तसं नव्हतं. पाण्याची रास तिकडे साचत होती आणि ती या याजकांना दिसतही नसणार. त्यांच्या वाट्याला आले ते भिजलेले पाय. वरचं काम त्यांचं नव्हतंच.

माझ्या वरच्या अंगाला काय साचतंय, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणाले होते, आमचा देव आम्हाला तुझ्या जळत्या भट्टीतून सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" मी अजून सहज म्हणू शकत नाही. म्हणताना घसा अडकतो.

शेजाऱ्याला एवढं सगळं सांगितलं तर तो म्हणेल, "म्हणजे काहीच नही भेटलं ना भो?" पैशांच्या हिशोबाने हो, काहीच नाही. मुलगी नर्स झाली, पण ती पाटल्यांमुळे झाली, त्यात चमत्कार घुसवायला नको.

गेल्या पावसाळ्यात केळीवर व्हायरस आला. रोगट झाडं उपटून नष्ट करावी लागतात, नाहीतर मावा कीड तो बागभर नेते. पाव एकर उपटलं. मग विम्याचा अर्ज भरायला गेलो. खुर्चीवर नवा पोरगा होता. सातबारा बघून म्हणाला, "नाना, पाच एकर आहे की. केळी दोनच?"

"पावणेदोन लिही," मी म्हटलं.