सात सारखी घड्याळे

माझ्या टेबलाच्या खणात एचएमटीची सात 'जनता' घड्याळे आहेत आणि घरच्यांच्या मते मी एकच घड्याळ सात वेळा विकत घेतले आहे. वास्तविक त्यांतली कोणतीही दोन सारखी नाहीत. एकावर नाव इंग्रजीत आहे, दुसऱ्यावर ठसठशीत देवनागरीत. एकाची तबकडी अजून दुधासारखी पांढरी आहे, तर दुसरीवर सायीचा पिवळसरपणा आला आहे. सहाच्या खाली, अगदी काठाला चिकटून, जे आकडे छापलेले असतात ते तर इतके बारीक की वाचताना मला चष्मा काढून घड्याळ नाकाशी धरावे लागते.

१९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग येथेही ही घड्याळे तयार होऊ लागली. एकच मॉडेल इतकी वर्षे निघत राहिले, की छपाईत, काट्यांत, चावीच्या डोक्यात कुठेतरी फरक पडणारच. २०१६ साली केंद्र सरकारने हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि खणात धूळ खात पडलेल्या घड्याळांना गिऱ्हाईक मिळू लागले. गिऱ्हाईकाच्या मागोमाग रंगारी आले.

त्यांचा प्रसाद मलाही मिळाला आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात एचएमटीचाच, काळ्या तबकडीचा एक झकास 'पायलट' मी फारशी घासाघीस न करता उचलला आणि मिरवतच महाद्वार रोडजवळच्या बोळातल्या घड्याळवाल्या मामांकडे नेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, काही न बोलता ते काढून माझ्या हातात दिले. भिंगाखाली अक्षरांच्या कडा टीपकागदावर शाई फुटावी तशा फुटलेल्या होत्या, 'पॅराशॉक'ची, म्हणजे घड्याळ धक्के सोसते असे सांगणारी, ओळ एका बाजूला उतरली होती आणि मिनिटांच्या रेघांपैकी निम्म्या काठापर्यंत पोहोचतच नव्हत्या. "डायल नवी रंगवल्या," मामा म्हणाले, "मशीनला मात्र काय धाड भरलेली न्हाई." तबकडीवरचा डाग, उडालेला रंग, फार तर गंजाचा ठिपकाही मी खपवून घेतो, नवा रंग मात्र मला आजही खपत नाही.

त्याच दिवशी माझ्या मनगटावरच्या, वडिलांच्या 'जनता'वरूनही मी ते भिंग फिरवले आणि तिचा सेकंद काटा भलत्याच मॉडेलचा निघाला. हा उद्योग कोणाचा, असे मी जरा तोऱ्यातच विचारले. मामांनी घड्याळ पालथे करून मागचे झाकण उघडले. झाकणाच्या पोटात सुईने ओरखडलेली तारीख होती, १४-३-८३, आणि शेजारी एक वळणदार खूण.

"आमच्या म्हाताऱ्याची हाय," असे म्हणून त्यांनी झाकण परत बसवले, आणि उघडझाकीचे पैसे मात्र पुरेपूर घेतले.